चायक चांगतास!

ऐकलंत का? आपल्या निपाणीत सरळ बोलणारा माणूस आता औषधालाही उरलेला नाही. कालपरवापर्यंत या गावात बातमी तंबाखूच्या खकाण्यासारखी उडायची. वखारीच्या दारात कुणी पोतं आपटलं की चार गल्ल्या पलीकडे शिंक यायची. आणि आता? जो तो मान खाली घालून अंगठ्याने काही तरी टिपतोय, आपण जवळ गेलो की मोबाइल पालथा घालतोय, वर "काही नाही, असंच" म्हणून हसतोय. असंच? इतकं मन लावून असंच?

"जेवण झालं का?" एवढं विचारायला पूर्वी माणूस पायात चप्पल सरकवून शेजारी जायचा आणि बहुतेक वेळा जेवूनच परत यायचा. आता पोरं इंग्रजी जे काढतात, त्याला इंग्रजी एक चिकटवतात, पुढे प्रश्नचिन्ह. जे-वन! झालं जेवण. एका आज्जींना वाटलं, नातवाचा परीक्षेचा नंबर आला. त्यांनी देवापुढे साखर ठेवली. नातवाने उलगडून सांगितलं तेव्हा आज्जी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "खरं, यात लपवायचं काय हाय रं?" (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पाहुण्यांनी गोंधळू नये. ही आमची जुनी सांकेतिक भाषा.) आठवडा उलटला नाही तोच त्याच आज्जी गडहिंग्लजच्या लेकीला जे-वन पाठवताना सापडल्या.

दुसरं एक घर. कुठलं ते विचारू नका, तुम्हाला माहीत आहेच. तिथल्या सासूबाईंनी म्हणे व्हॉट्सॲपला कुलूप घातलं. नुसतं कुलूप नव्हे, २०२३ साली ती गुप्त संकेताची सोय आली ना, ज्यात चित्रांचाही संकेत करता येतो, तीच. आंबा, मांजर आणि डोळा मिचकावणारं तोंड अशी तीन चित्रं टाकली की दार उघडतं. सून आठ दिवस जेवली नाही. काय असेल आत? कुणाशी बोलत असतील? मुलगा बेळगावहून खास रजा टाकून आला. अखेर उघडलं, तर आत काय? भिशीचा हिशेब, आणि व्याह्यांच्या पंगतीतल्या जिलेबीवर सविस्तर टीका! ती टीका सुनेने आधीच चार जणींकडून ऐकली होती. त्यातली एक वेळ तर सासूबाईंकडूनच.

आणि व्हॉट्सॲपवर ती पट्टी येते ना, की हे बोलणं तुमच्या दोघांशिवाय कुणालाही वाचता येणार नाही? एप्रिल २०१६ पासून ही सोय सगळ्यांना मिळालेली आहे. म्हणजे तुमचा निरोप निघताना त्याचा असा काही चुरा होतो, की तो वाटेत कुणाच्या हाती पडला तरी नुसती भुकटी. जोडणारी किल्ली फक्त पलीकडच्या फोनमध्ये. केवढं गणित त्यामागे! आणि आपण काय करतो? आलेल्या निरोपाचा फोटो काढतो आणि "कुणाला दाखवू नकोस" असं लिहून तिसऱ्याला पाठवतो. तिसरा चौथ्याला. किल्ली राहते बाजूला, दारच उचलून नेतो आपण.

बरं, निपाणीवर ही वेळ का आली, याचा कुणी विचार केलाय? अहो, सीमेवरच्या या गावात चोरून बोलायला भाषाच शिल्लक नाही! पुण्यातल्या माणसाला नोकरासमोर गुपित बोलायचं असलं की तो इंग्रजीत शिरतो. आम्ही कुठे शिरायचं? मराठीत बोलावं तर सगळ्यांना कळतं. कानडीत बोलावं तर भाजीवाली वाक्य पुरं करून देते. हिंदीत शिरलो तर रिक्षावाला मागे वळून सल्ला देतो. उरली गुजराती, पण तंबाखूच्या पेढ्यांवर पिढ्यान्पिढ्या हिशेब ऐकून हमालाला सुद्धा ठाऊक, की शेठनी 'मींडुं' म्हटलं म्हणजे शून्य, आज उचल मिळायची नाही. चार भाषा येणाऱ्या गावाचा हा शाप. मग लोकांनी पाचवी भाषा काढायची नाही तर काय करायचं?

लहानपणी आपण हेच केलं होतं, आठवतं का? च-ची भाषा! शब्दाचं पहिलं अक्षर उचलून मागे टाकायचं, त्याच्या जागी च बसवायचा. काय म्हणजे चायक, नाव म्हणजे चावन. आईसमोर बहिणीला विचारायचं, "चायक चरतोक चोत?" आणि विजयी मुद्रेने आईकडे बघायचं. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "तो अभ्यास करतोय, आणि तूही करायला बस." आमच्या आयांना ती भाषा यायची, कारण त्याही लहानपणी त्यांच्या आयांसमोर हेच उद्योग करून बसलेल्या.

पण हे सगळं वेड नव्याने डोक्यात शिरलं ते एका इंग्रजी शब्दापायी. २०२२ च्या मार्च महिन्यात पाकिस्तानात इम्रान खान यांनी भर सभेत खिशातून कागद काढून फडकावला. परदेशी कटाचा पुरावा म्हणे! मग बातम्यांत एकच घोष, सायफर, सायफर. वकिलातीतून आलेली गुप्त लिपीतली तार म्हणजे सायफर. जानेवारी २०२४ मध्ये त्याच प्रकरणात त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि जूनमध्ये इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलंही. हे सगळं आम्ही निपाणीच्या चहाच्या गाड्यांवर उभं राहून अशा तन्मयतेने बघत होतो, जणू कागद आमच्याच गल्लीतून चोरीला गेलाय. तेवढ्यात कुणी तरी (शिकलेला माणूस, त्याला राहवतं कुठे?) इंग्रजी शब्दकोश उघडला. आणि काय सांगू, त्या शब्दाचं चालचलन पाहून आमच्या हातातला चहा तसाच निवला.

एका शब्दाने किती घरं करावीत? सायफर म्हणजे गुप्त लिपी. ठीक. सायफर म्हणजे ती उलगडायची किल्लीही. म्हणजे कुलूपही तोच आणि किल्लीही तोच! बरं. सायफर म्हणजे शून्य. काय? सायफर म्हणजे कुठलाही आकडा. सायफर म्हणजे गणितं सोडवणं. सायफर म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस. सायफर म्हणजे नावातली आद्याक्षरं एकमेकांत गुंफून केलेली मुद्रा. चर्चमधल्या ऑर्गनची एखादी नळी कुणी हात न लावता आपली आपण वाजत राहिली, तर तोही सायफर. आणि आजकालची पोरं गोल करून उभी राहतात, आळीपाळीने रॅप करतात, तोही सायफर! हा शब्द आहे की आठवडी बाजार?

आणि खरा धक्का पुढेच आहे. हा पठ्ठ्या आपल्याच घरचा निघाला! सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याचे नियम लिहून ठेवले. हे शून्य अरबांकडे गेलं. त्यांनी त्याचं नाव जसंच्या तसं आपल्या भाषेत उतरवलं: शून्य म्हणजे रिकामं, तर अरबीत रिकामं म्हणजे सिफ्र. १२०२ साली पिसा गावच्या फिबोनाचीने आपल्या हिशेबाच्या पुस्तकात त्याला लॅटिन अंगरखा चढवला, झेफिरम. त्याचा इटलीत झिजत झिजत झाला झीरो. दुसरीकडे तोच सिफ्र सिफ्रा होऊन फ्रान्समार्गे इंग्लंडात उतरला, तो सायफर. म्हणजे झीरो आणि सायफर हे सख्खे भाऊ, जत्रेत हरवलेले! एकाने गणिताच्या मास्तरकीची नोकरी धरली, दुसरा हेरखात्यात शिरला. उर्दूत अजून सिफर म्हणजे शून्यच. म्हणजे तिकडे ज्या कागदावरून देश पेटला, त्याचं नाव मुळात 'काही नाही' असं होतं. आणि आपण शाळेत भोपळा मिळाला म्हणून मार खाल्ला. कुणी सांगितलं असतं तर बाबांना म्हणालो असतो, बाबा, हा भोपळा नाही, ही गुप्त माहिती आहे.

शून्य आपलं, इथवर सगळे एकमताने माना डोलावतात. पण आपलं म्हणजे नक्की कुणाचं? इथे सीमाभागातल्या माणसाचे कान टवकारतात. शून्याने भागलं तर काय, याचा खल करणारे भास्कराचार्य, ११५० साली ज्यांनी लीलावती लिहिली, ते गावचे कुठले? त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जडविड. झालं! कर्नाटकातले म्हणतात, हे आमचं विजापूर. महाराष्ट्रातले म्हणतात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, तेव्हा गप्प बसा. घ्या! महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा, आणि यांचा वाद थेट बाराव्या शतकातला. शून्य सुद्धा सीमावादातून सुटलं नाही, तिथे तुमचा-आमचा सातबारा कुठून सुटणार?

युरोपनेही या शून्याला काही सुखासुखी घरात घेतलं नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने फतवाच काढला, की हे नवे आकडे हिशेबाच्या वह्यांत चालणार नाहीत, रक्कम अक्षरांतच लिहा. का, तर या आकड्यांत खाडाखोड फार सोपी. शून्याला शेपूट काढलं की सहा होतो, खाली काढलं की नऊ. आता हे वाचून हसावं, तर बँकेच्या चेकवर आपण आज 'अक्षरी रुपये' लिहितोच ना? सातशे वर्षं झाली, शून्यावरचा संशय काही गेला नाही. पुढे राजेरजवाड्यांचे कारकून अक्षरांच्या जागी आकडे आणि चिन्हं घालून पत्रं लिहू लागले, आणि आकड्याचं नाव गुपिताला चिकटलं ते चिकटलंच.

तर हा शब्द गावात आला, आणि साथ पसरावी तशी गुपितांची साथ पसरली. एका निवृत्त गुरुजींनी ज्युलियस सीझरची युक्ती शोधून काढली. सीझर म्हणे प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे सरकवून लिहायचा. गुरुजींनी ती बाराखडीला लावली. निपाणीचं झालं बिभादी. तंबाखूचं झालं धंयाङू! ङ या अक्षराला जन्मात पहिल्यांदा काम मिळालं म्हणून गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाण्याला यादी तशीच लिहून पाठवली. वाण्याने सगळं सामान बिनचूक पाठवलं. गुरुजी थक्क. युक्ती फुटली कशी? वाणी म्हणाला, "गुरुजी, वीस वर्षं तुमची यादी तीच आहे की ओ."

वाण्या-व्यापाऱ्यांना काय शिकवता? कापडाच्या जुन्या दुकानांत चिठ्ठीवर किमतीशेजारी दोन-चार अक्षरं खरडलेली असतात, बघितलीत कधी? दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द मालकाने मनात ठरवलेला असतो. पहिलं अक्षर एक, दुसरं दोन, आणि दहावं अक्षर शून्य. तो खरेदीचा भाव. आपण तासभर घासाघीस करतो, आणि नोकर त्या अक्षरांकडे चोरटी नजर टाकून ठरवतो की या बाईंना अजून किती उतरू द्यायचं. जनावरांच्या बाजारात तर अक्षरही नाही. दोघांचे हात एका उपरण्याखाली जातात, बोटं दाबली जातात, माना हलतात, आणि भोवती पन्नास माणसं उभी असून एकाला भाव कळत नाही. बैलालाही नाही. गोंधळी बोटांच्या खुणांनी समोरच्याचं नाव सांगतात, त्याला करपल्लवी म्हणतात. डोळ्यांनी बोललं की नेत्रपल्लवी. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत गुप्त बोलण्या-लिहिण्याची एक कला घातली आहे, म्लेच्छितविकल्प नावाची. पण कामसूत्र उघडून ही कला वाचणारा माणूस आजवर आम्हाला भेटलेला नाही. सगळे भलतंच पान उघडतात.

आणि उखाणा म्हणजे दुसरं काय हो? एके काळी नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे काय आक्रीत! अहो, इकडून, ह्यांनी, बाळूचे बाबा अशा टोपणनावांवर जन्म निघायचे. नाव घ्यायचीच वेळ आली तर आधी महादेवाची पिंड, मग बेलाची पानं, मग चांदीचं ताट, आणि त्या सगळ्या सामानाच्या आड दडवून शेवटी एकदाचं ते नाव. त्या बायकांना सायफर शिकवायला निघालात? आज तीच नावं लग्नपत्रिकेवर वधूचं एक अक्षर, वराचं एक अक्षर, मध्ये वेल, असं गुंफून छापतात. ती मुद्रा मग कमानीवर, केकवर, पाण्याच्या बाटलीवर, गाडीच्या काचेवर. परवा एका लग्नात ती अक्षरं इतकी गुंफली होती की दोन वऱ्हाडं शेजारच्या कार्यालयात जेवून आली. आहेरही तिकडेच दिला.

इंग्लंडच्या राजांनाही हाच शौक. प्रत्येक राजाची अक्षरमुद्रा वेगळी, वर मुकुट, आणि ती टपालपेट्यांवर ओतलेली. तिलाही सायफरच म्हणतात. पण अक्षरांशी खेळताना गाव बघून खेळावं, हे त्यांना निपाणीकरांनी सांगायला हवं होतं. १९५२ साली एडिंबरोत एक नवी टपालपेटी बसवली, तिच्यावर 'एलिझाबेथ दुसरी'ची मुद्रा. स्कॉटलंडचे लोक म्हणाले, आमच्याकडे पहिली कधी झालीच नाही, तर ही दुसरी कुठली? फेब्रुवारी १९५३ मध्ये पेटी स्फोटाने उडवली! पुढे तिकडच्या पेट्यांवर नुसता मुकुट ठेवायचं ठरलं. हे ऐकून आपण किती गंभीर चेहरा केला, नाही? पाटीवरच्या अक्षरावरून माणसं कशी भडकतात, हे आपल्याला काय ठाऊक! आपल्याकडे तर सगळं शांत. मराठीत निपाणी, सरकारी कागदात निप्पाणी. एका जास्तीच्या प-ने कोण दुखावतं? १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, एक वेलांटी वाढली. कुणी काही बोललं का? पुढचं विचारू नका.

इथे गाडीची पाटी सुद्धा सायफर आहे. के.ए. २३ म्हणजे चिकोडीकडचा, आपला. एम.एच. ०९ म्हणजे कोल्हापूरचा, तोही आपलाच. कोगनोळीच्या टोलनाक्यावर पाटीवरून माणूस ओळखू जाल तर फसाल. बऱ्याच घरांत दोन्ही पाट्या दारात शेजारी-शेजारी उभ्या असतात. आमची पोरं अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातात, म्हणजे रोज सकाळी राज्य ओलांडून महाराष्ट्रात आणि दुपारी जेवायला कर्नाटकात. असा आंतरराज्य प्रवास मंत्र्यांना जमत नाही. पाटीवरचे आकडे तर विचारूच नका. ४१४१ इंग्रजीत जरा वळवून लिहिले की झालं दादा. २१४ चा होतो राम. ८०५५ वाचायचं बॉस. त्या आकड्यांसाठी माणसं पैसे मोजतात, चकरा मारतात. आता त्या हाय सिक्युरिटी पाट्या आल्या, आकडा वळवायची सोय गेली, आणि कित्येक दादा एका रात्रीत नुसते एकेचाळीस एकेचाळीस झाले. काय ती अवहेलना!

ज्याला कुणी विचारत नाही असा माणूस, हा सायफरचा अर्थ समजायला मात्र शब्दकोश लागत नाही. चौकात उभं राहून डिजिटल फलक बघा. मधोमध नेते, एकच, भले मोठे. भोवती चाळीस गोल फोटो: उपाध्यक्ष, सहउपाध्यक्ष, मानद सल्लागार, आणि खालच्या ओळीत नुसतेच 'शुभेच्छुक'. शून्यं कशी रांगेत मांडलीत! गणिताचा नियम सांगतो, एकाच्या उजव्या हाताला उभं राहिलेल्या शून्याने दहापट होते, डाव्या हाताच्या शून्याने काडीचा फरक पडत नाही. तरी डाव्या बाजूच्या गोलासाठी भांडण झालेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. (आमचाही फोटो होता. डावीकडे, खालून दुसरा.) आपली आपण वाजणारी नळीही अशा सभांत हमखास भेटते, आभारप्रदर्शनाला उभी राहते आणि कुणी हात न लावता पाऊण तास चालू. भजनातल्या पेटीची पट्टी अशी अडकली तर निदान खालून चापट मारता येते.

दर घरात एक मोडीवालाही निपजलाय, हे सांगायचं राहिलं. पत्र्याच्या ट्रंकेतून पणजोबांचा कागद निघतो, आणि घरादाराला घाम फुटतो. गुप्त लिपी! खजिना! निपाणीकर देसायांच्या वाड्यातून कुठे तरी भुयार! अहो, मोडी कधी गुप्त नव्हतीच. हात न उचलता भराभर लिहिता यावं म्हणून ती. कारकून, कुलकर्णी, सावकार, सगळे तिच्यातच लिहायचे. गेल्या शतकाच्या मध्यावर ती शाळांतून गेली, आपण विसरलो, आणि विसरलो म्हणून ती गुप्त झाली. २०१४ पासून ती युनिकोडमध्येही आहे, म्हणजे संगणकाला येते आणि आपल्याला येत नाही. मग वर्ग लावले जातात, बोरू विकत आणले जातात, सहा महिने ट-ठ गिरवले जातात, आणि एका रविवारी सगळं कुटुंब गोळा करून तो कागद वाचला जातो: बैल विकला, निम्मे पैसे येणे. पणजोबा, निम्मे पैसे! त्या बैलाचा घेणारा कोण, हे शोधायला आता धाकटा भाऊ कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जायचं म्हणतोय.

खऱ्या सांकेतिक पत्राने काय होतं, तेही याच मराठी भाषेने पाहिलंय. १७६१ च्या जानेवारीत पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी चिठ्ठीतून. गेलेल्या माणसांची नावं नव्हती तिच्यात. होते दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि ज्याची गणती नाही असा खुर्दा. पेशव्यांना वेगळी किल्ली लागली नाही. पोटचा मुलगा आणि चुलत भाऊ, मोती दोनच होते. या एका चिठ्ठीची थट्टा आमच्याने होत नाही. दुसऱ्या विषयाकडे वळू.

दुसरा विषय अर्थात पैसा. आकड्यांत गुपित असतं म्हटल्यावर आपण गप्प बसू? मटका काय कमी सायफर होता? १९६२ च्या सुमाराला मुंबईत कल्याणजी भगत यांचा मटका सुरू झाला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. न्यूयॉर्कचा कापूस, आणि त्यावर चिठ्ठी कुणाची, तर ज्याने कापसाचं बोंड कधी हातात धरलं नाही त्याची! स्वप्नात साप आला की अमुक आकडा, नळाला पाणी आलं की तमुक. आता त्याच घरातला नातू क्रिप्टो घेतो. क्रिप्टो म्हणजे काय रे बाळा? तर ग्रीकमध्ये म्हणे लपलेलं. कुठे आहे ते? लपलेलंय. सरकारला मात्र ते बरोबर सापडतं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर. आजोबा म्हणाले, आमच्या वेळी निदान पोलिसांना हप्ता देऊन भागायचं.

आणि ते गोल करून रॅप करणारे? मुंबईच्या गल्ल्यांत पोरं रात्री जमतात, एक जण तोंडाने ठेका धरतो, बाकीचे आळीपाळीने एकमेकांना शब्दांनी हाणतात. त्याला म्हणे सायफर म्हणायचं आणि तोंडात बोट घालायचं. अरे, आपल्या मुलखात कलगी-तुरा काय होता? तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे. एकाने भेदिकातलं कोडं टाकायचं, दुसऱ्याने ते डफाच्या थापेवर फोडायचं, आणि जमलं नाही तर उजाडेपर्यंत मान खाली. फक्त आपल्याकडे टोपी सरळ घालायचे. एवढाच फरक.

असो, दुसऱ्यांची उणीदुणी खूप झाली. तुमचं काय? इकडेतिकडे बघू नका, तुम्हालाच विचारतोय. तुमच्या एटीएमचा चार आकडी पिन फोनमध्ये 'गॅसवाला शिंदे' या नावाने ठेवलेला नाही? त्या शिंद्यांना कधी कुणी फोन लावला नाही म्हणून बरं. नाही तर भलताच माणूस उचलायचा. तुमचा पासवर्ड थोरल्याचं नाव आणि पुढे १२३ हाच आहे ना? धाकट्याला कळलं तर त्याला किती वाईट वाटेल, याचा विचार केलाय? आणि तो फोनमधला 'वायरमन', ज्याचा फोन आला की तुम्ही गच्चीवर जाता? घरात गेली दोन वर्षं दिवा गेलेला नाही हो! शेजारणीला कळून चुकलंय, वायरमन म्हणजे माहेरची बहीण, आणि विषय म्हणजे सासर.

आम्ही म्हणाल तर आम्ही असल्या फंदात पडत नाही. फक्त एक छोटा ग्रुप काढलाय, जुन्या वर्गातल्या सहा जणांचा. नाव 'बिभादी' ठेवलंय, कुणाला पत्ता लागू नये म्हणून. सातवा माणूस आत घ्यायचा नाही, चावी कुणाला द्यायची नाही, अशा शपथा तवंदीच्या घाटात गाडी थांबवून घेतल्या. आता त्यात एकशे बारा जण आहेत. काल रात्री दहाला पहिला खरा गुप्त निरोप आला. सगळ्यांचे फोन एकदम वाजले. गल्लीत तीन घरांचे दिवे लागले. मी पांघरुणात शिरून, श्वास रोखून वाचला:

"चेवणज चालंझ चाक?"

बायकोने दिवा न लावता, कूस न बदलता, पलीकडून विचारलं, "मग? चायक चांगूस च्यांनात?"

एकशे दहा जणांचं उत्तर येऊन पडलं होतं. मीही टाकलं: "चोह, चालंझ. चुमचंत?"